परसबागेच्या आधी कोठार: वस्तीची अन्नसुरक्षा नेमकी कुठून सुरू करावी?

ओंजळ (धागाकर्ती)

वस्तीनं मिळून अन्नाची तजवीज करायची असा विषय निघाला की बोलणं हमखास परसबागेवर येऊन थांबतं. गच्चीवरचे वाफे, कुंडीतल्या मिरच्या, मोकळ्या प्लॉटवर लावलेली पालेभाजी. यातलं काहीच वाईट नाही. पण वीस-पंचवीस घरं खरोखर एकत्र येणार असतील, तर त्यांनी सुरुवातीचा वेळ आणि पैसा धान्याच्या सामायिक साठ्यात घालावा, असं माझं आता पक्कं मत आहे.

हिशोब करून बघा. २० घरं, म्हणजे साधारण १०० माणसं. जागतिक अन्न कार्यक्रम आणीबाणीच्या मदतीचं नियोजन करताना माणशी रोज २१०० कॅलरी धरतो. त्यातलं मुख्य म्हणजे ४०० ग्रॅमच्या आसपास तृणधान्य आणि ६० ग्रॅमच्या आसपास कडधान्य, वर तेल-मीठ. १०० माणसांना ९० दिवस पुरवायचं तर ३६ क्विंटल धान्य आणि साडेपाच क्विंटलच्या आत कडधान्य. आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण एका घनमीटरमध्ये साडेसातशे किलोच्या आसपास धान्य मावतं. म्हणजे थप्प्यांमधून फिरायला वाट सोडूनही दहा बाय दहाची खोली पुरते. उलट एक किलो धान्यातून साधारण ३४०० कॅलरी मिळतात, तेवढ्या पालेभाजीतून मिळवायच्या तर दहा किलोंपेक्षा जास्त भाजी लागेल, आणि ती चौथ्या दिवशी सुकलेली असेल.

दुसरं, संकट येतं ते बहुतेक वेळा काही आठवड्यांचं किंवा महिन्यांचं असतं. रस्ते बंद होतात, भाव चढतात, घरातल्या कमावत्या माणसाचं काम सुटतं. अशा वेळी नवीन बी पेरून उपयोग नसतो, हाताशी असलेलं लागतं. साठा आपल्याला वेळ मिळवून देतो.

तिसरं कारण मला सगळ्यात मोलाचं वाटतं. साठा भरायचा म्हटला की कुणा शेतकऱ्याशी बोलावंच लागतं. सुगीत, म्हणजे भाव पडलेले असताना, त्याला ठरलेलं गिऱ्हाईक मिळतं आणि आपल्याला माल कुठून आला ते कळतं. टोकियोत १९६५ साली काही गृहिणींनी एकत्र येऊन ३०० बाटल्या दूध घ्यायला सुरुवात केली, त्यातून सेइकात्सु क्लब ही मोठी ग्राहक सहकारी चळवळ उभी राहिली. सुरुवात एकत्र खरेदीनं झाली होती, लागवडीनं नाही.

तर प्रश्न असे: साठा टिकवायचा कसा? तो कुणाच्या ताब्यात असावा? आणि ज्या घराला वर्गणी परवडत नाही त्याचं काय? ज्यांनी असं काही केलंय त्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

पाणंद

धागा आवडला, पण मुद्द्याशी पूर्ण सहमत नाही.

नुसत्या धान्यावर माणूस जगतो, निरोगी राहत नाही. 'क' जीवनसत्त्व अजिबात मिळालं नाही तर एक ते तीन महिन्यांत स्कर्व्हीची, म्हणजे हिरड्यांतून रक्त येण्याच्या रोगाची, लक्षणं दिसू लागतात. तुमच्या ९० दिवसांच्या हिशोबात हे बसत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत लोकांनी अंगणात, शाळेच्या मैदानात, रिकाम्या जागांवर 'विजय बागा' लावल्या. १९४३-४४ च्या सुमारास अशा सुमारे दोन कोटी बागा होत्या आणि देशातल्या ताज्या भाजीचा जवळपास ४० टक्के वाटा त्यांतून येत होता, असा अंदाज नेहमी दिला जातो. हे सामान्य लोकांनीच केलं.

आणखी एक. साठा करणारा माणूस ग्राहकच राहतो. मातीत हात घातल्याशिवाय पीक का बुडतं, कीड कशी पसरते, पाणी किती लागतं हे कळत नाही. ते कळलं की शेतकऱ्याशी बोलण्याची भाषाच बदलते.

ओंजळ

पाणंद, पोषणाचा मुद्दा एकदम मान्य. त्यावर साठ्यातच एक उत्तर आहे: मोड. कोरड्या कडधान्यात 'क' जीवनसत्त्व नसल्यात जमा असतं, पण भिजवून मोड आणले की ते तयार होतं. दोन-तीन दिवस, ओलं फडकं आणि झाकण, एवढंच लागतं. जमीन नको, ऊनही नको. म्हणून मी कडधान्यातला काही भाग अख्खा आणि न भरडलेला ठेवा असं म्हणते, डाळीला मोड येत नाहीत.

विजय बागांचं उदाहरण मलाही प्रिय आहे. पण युद्ध संपल्यावर बहुतेक बागा विस्कटल्या हेही खरं. भीती सरली की उत्साह सरतो. मला टिकणारी व्यवस्था हवी आहे.

निरंतर

क्यूबाचा उल्लेख अजून कसा झाला नाही? १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि क्यूबाचं तेल, खत, यंत्रांचे सुटे भाग सगळं एकदम आटलं. तेव्हा हवानात पडीक जागांवर, अगदी सिमेंटच्या कडा बांधून त्यात कंपोस्ट भरून, 'ऑर्गानोपोनिको' बागा उभ्या राहिल्या. शहराला भाजीचा चांगला पुरवठा त्यांतून होऊ लागला.

पण इथे ओंजळ यांच्या बाजूनं एक गोष्ट सांगतो. इतकं होऊनही क्यूबा आपल्या अन्नाचा, त्यातही धान्याचा, मोठा भाग आजही आयातच करतो. शहरी शेतीनं भाजी दिली, मुख्य अन्न दिलं नाही. दोन्हींची कामं वेगळी आहेत हे मान्य केलं की वाद उरत नाही.

आणि बदलाचा वेगही बघा. श्रीलंकेनं एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर एकदम बंदी घातली आणि नोव्हेंबरमध्ये ती मागे घ्यावी लागली. सेंद्रिय शेतीला वेळ, शेणखत, कंपोस्ट आणि शिकलेले हात लागतात. वरून आलेल्या हुकमानं यातलं काहीच तयार होत नाही. खालून, गटागटानं, हंगामामागून हंगाम जमवावं लागतं.

कणगी

साठा कसा टिकवायचा यावर लिहितो, कारण सगळ्यात जास्त धान्य इथेच वाया जातं आणि सगळ्यात कमी बोललं जातं तेही यावरच.

पहिला शत्रू ओलावा. तृणधान्य साठवताना त्यात ओलावा १२-१३ टक्क्यांच्या आत हवा. मीटर नसेल तर मिठाची परीक्षा करा. झाकणाची काचेची बरणी पूर्ण कोरडी करून घ्या. मीठ तव्यावर भाजून कोरडं करा आणि गार होऊ द्या. बरणीत एक तृतीयांशापर्यंत धान्य, वर दोन-तीन मोठे चमचे मीठ. झाकण लावून मिनिटभर जोरात हलवा आणि पंधरा मिनिटं तशीच ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा साधारण १५ टक्क्यांच्या वर आहे, धान्य पुन्हा उन्हात घाला. मीठ चिकटलं नाही, सगळं तळाशी बसलं, तरी मी आणखी एक कडक ऊन देतो, कारण ही परीक्षा १५ टक्क्यांची आहे आणि आपल्याला त्याच्याही खाली जायचंय. उन्हातून आणलेलं धान्य गरम असताना पोत्यात भरू नका. आतल्या आत घाम धरतं.

दुसरा शत्रू सोंडे आणि इतर किडे. त्यांची अंडी दाण्याबरोबरच येतात, त्यामुळे वरून स्वच्छ दिसणारं धान्यही महिन्याभरात भुगा होऊ शकतं. यावर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे हवाबंद साठवण. आत अडकलेले किडे प्राणवायू संपवतात आणि मरतात, औषध लागत नाही. पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी १९८०च्या दशकाच्या शेवटी कॅमेरूनमध्ये चवळीसाठी अशा तीन थरांच्या पिशव्यांची पद्धत तयार केली: आत जाड प्लॅस्टिकच्या दोन, बाहेर विणलेलं पोतं. दोन्ही आतल्या पिशव्यांची तोंडं वेगवेगळी पिळून, दुमडून घट्ट बांधायची. आतली हवा दाबून काढायला आळस करू नये. घट्ट झाकणाचं पिंप काठोकाठ भरलं तरी हेच तत्त्व काम करतं. सारखं उघडलं तर मात्र सगळा खटाटोप फुकट, म्हणून रोजच्या वापराचं वेगळं आणि राखीव वेगळं.

इथे सावध राहायला हवं: ओलं धान्य हवाबंद केलं तर बुरशी आणि कुजण्याला आमंत्रण. काही बुरशींमुळे अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते धुऊन जात नाही, शिजवूनही नष्ट होत नाही, आणि यकृतावर घाव घालतं. बुरशीचा वास आलेलं, काळंहिरवं पडलेलं धान्य गरिबाला वाटून टाकू नये आणि जनावरांनाही घालू नये. ते टाकून द्यावं, जीव तुटला तरी.

बाकी नेहमीचं: पोती फळीवर, भिंतीपासून हात-दीड हात दूर. प्रत्येक पोत्यावर तारीख. जुनं आधी काढायचं. दाराखालची फट आधी बुजवा, उंदीर तिथूनच येतो.

साळुंकी

कणगी, प्रिंट काढून ठेवावा असा प्रतिसाद! मिठाची परीक्षा उद्याच करून बघते.

तिठा

सगळं वाचतोय. पण धाग्यात शेवटी टाकलेला तिसरा प्रश्न मला पहिला वाटतो: ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याचं काय?

१९४३ च्या बंगालच्या दुष्काळात २० ते ३० लाख माणसं गेली. अमर्त्य सेन यांनी नंतर दाखवून दिलं की त्या वर्षी बंगालमधलं उपलब्ध अन्न १९४१ पेक्षा कमी नव्हतं, आणि १९४१ मध्ये दुष्काळ पडला नव्हता. युद्धकाळातल्या महागाईत भाव भडकले, मजुरी तिथेच राहिली. भूमिहीन मजूर, कोळी, छोटे कारागीर यांच्या हातून अन्न विकत घेण्याची ताकदच गेली. धान्य होतं, ते त्यांचं नव्हतं. सेन यांच्या आकड्यांवर अभ्यासकांत वाद झाले, तरी हा मूळ मुद्दा कुणाला टाळता आलेला नाही.

म्हणून २० सुस्थितीतल्या घरांनी खोली भरून ठेवली तर तिला मी वस्तीची अन्नसुरक्षा म्हणणार नाही. ती २० घरांची झाली. भिंतीपलीकडची माणसं उपाशी असताना त्या खोलीला कुलूप लावून बसणार का?

याला उत्तर शोधलेली माणसं आहेत. तेलंगणात झहीराबादच्या परिसरात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या महिला संघांनी, त्यात बहुतांश दलित बायका, १९९०च्या दशकात पर्यायी रेशनव्यवस्था उभी केली. पडीक पडलेली जमीन कसण्यासाठी आगाऊ मदत द्यायची, परतफेड पैशात न घेता ज्वारीत घ्यायची, ती गावातच साठवायची आणि टंचाईच्या महिन्यांत गरजू घरांना कमी भावात द्यायची. गरजू कोण, हे गावातल्याच लोकांनी एकत्र बसून ठरवलं. मजुरी निर्माण झाली, पडीक जमीन लागवडीखाली आली, धान्य गावाबाहेर गेलं नाही आणि कुणी हात पसरला नाही. २०१९ मध्ये या संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. ज्यांच्याकडे सगळ्यात कमी होतं, निर्णय त्यांच्या हातात होता, हे मला त्यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

ओंजळ

तिठा, हे वाचून थोडा वेळ काहीच लिहवेना. तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि साठ्याचा आराखडा त्यानुसारच करायला हवा. एक मार्ग असा: वर्गणी पैशात, धान्यात किंवा कामात, तिन्हींपैकी कशातही. धान्य उन्हात घालणं, निवडणं, पिशव्या बांधणं, नोंदवही ठेवणं, हे खरं काम आहे आणि त्याचा वाटा वहीत पैशाच्या बरोबरीनं लिहिला गेला पाहिजे. आणि साठ्याचा ठरावीक हिस्सा सभासद नसलेल्यांसाठी पहिल्याच दिवशी बाजूला. नंतर ठरवू म्हटलं की ते कधीच ठरत नाही.

बांधावरून

धान्य बँकांचा इतिहास थोडा कडू आहे, तोही नोंदवतो. आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यात १९७०च्या दशकातल्या दुष्काळांनंतर बाहेरच्या संस्थांनी गावोगावी धान्य बँका काढून दिल्या. त्यांतल्या कित्येक काही वर्षांत रिकाम्या झाल्या. कारणं सगळीकडे सारखीच: उधारी परत आली नाही, हिशोब एकाच माणसाकडे, वजनदार घरांनी आधी उचललं, आणि पहिला साठा फुकट आलेला असल्यानं तो आपला आहे असं कुणाला वाटलंच नाही. बाहेरून मिळालेलं कोठार भरलेलं असतं तोवरच सांभाळलं जातं.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जंगलं, मासेमारी, पाटपाणी अशा सामायिक गोष्टी लोक पिढ्यानपिढ्या कशा सांभाळतात याचा अभ्यास केला. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्यांना जे आढळलं ते थोडक्यात: सभासद कोण हे स्पष्ट हवं. नियम वापरणाऱ्यांनीच केलेले हवेत. देखरेखही त्यांच्यातल्याच लोकांची. चूक झाली तर शिक्षा हलकी सुरू होऊन पायरीपायरीनं वाढणारी. आणि तंटा सोडवायला जवळची, बिनखर्चाची जागा. धान्य बँकेला हे जसंच्या तसं लागू पडतं. पहिल्यांदा उशीर झाला तर फक्त बैठकीत नाव घ्यायचं. एकदम हाकलून दिलं तर धान्यही जातं आणि शेजारीही.

साळुंकी

सगळे धान्याबद्दल बोलताय, बियाण्याचं काय? साठा एकदा खाल्ला की संपला. पुढच्या हंगामाला बी विकतच आणायचं असेल तर स्वावलंबन कसलं? गटानं बी राखायचं असेल तर कुठून सुरू करावं, जाणकारांनी सांगावं.

बांधावरून

सोप्यापासून सुरू करा. घेवडा, वाटाणा, चवळी, टोमॅटो ही बहुतांशी स्वपरागी पिकं, म्हणजे फूल स्वतःच्याच परागानं फळतं. शेजारी दुसरा वाण असला तरी बी बऱ्यापैकी शुद्ध राहतं. भोपळा, काकडी, मका यांचं परागीभवन किडे किंवा वारा करतो, त्यांची सरमिसळ लगेच होते. मक्याचं बी धरायला तर शंभरेक झाडं तरी हवीत, चार-पाच झाडांवरून धरलं तर पुढची पिढी कमजोर निघते. संकरित बियाणं राखण्यात अर्थ नाही, पुढच्या पिढीत गुण फुटतात.

भोपळ्याचं शुद्ध बी हवंच असेल तर हातानं परागीभवन करा. उद्या उमलणारी नर आणि मादी कळी आज संध्याकाळी ओळखायची. मादी कळीच्या देठाशी इवलंसं फळ असतं, नर कळीचा देठ सरळ असतो. दोन्हींची टोकं दोऱ्यानं हलकेच बांधायची म्हणजे किडा शिरणार नाही. फूल उमलायच्या वेळी नर फूल खुडून, पाकळ्या काढून, त्याचा पराग मादी फुलात नीट टेकवायचा आणि मादी फूल पुन्हा बांधायचं. देठाला रंगीत दोरा. ते फळ वेलावरच पूर्ण पिकू द्यायचं, भाजीला तोडायचं नाही.

साठवणीचा ठोकताळा: बियातला ओलावा एका टक्क्यानं कमी केला की आयुष्य साधारण दुप्पट, आणि तापमान ५ अंशांनी उतरवलं तरीही साधारण दुप्पट. म्हणून आधी सावलीत नीट वाळवा, मग काचेच्या घट्ट बरणीत, मग फ्रिजमध्ये. फ्रिजमधून काढलेली बरणी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर बियांवर दव धरतं आणि सगळी मेहनत पाण्यात.

आणि बी एकाच घरात कधीच ठेवू नका. सीरियात आलेप्पोजवळची इकार्डाची (कोरडवाहू शेतीवर संशोधन करणारी आंतरराष्ट्रीय संस्था) बीजपेढी युद्धात वापराबाहेर गेली. पण त्यांनी बियांच्या प्रती आधीच नॉर्वेतल्या स्वालबार्डच्या जागतिक बीजकोठारात पाठवून ठेवल्या होत्या, म्हणून २०१५ मध्ये त्या परत मागवून लेबनॉन आणि मोरोक्कोत पुन्हा पेरता आल्या. त्या कोठारातून बी परत काढण्याची ती पहिलीच वेळ. तुमच्या गटालाही हेच लागू: प्रत्येक वाण किमान तीन घरांत, आणि दरवर्षी कुणीतरी तो पेरलेला.

पाणंद

राहीबाई पोपेरे यांचं नाव इथे यायलाच हवं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावात त्यांनी घरातूनच देशी वाणांची बियाणे बँक उभी केली, २०२० च्या पद्म पुरस्कारांत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळेची पायरी न चढता त्या शेकडो बायकांना वाण ओळखायला शिकवतात. बी देतात ते परत मिळण्याच्या बोलीवर, आणि परतीच्या वेळी घेतल्यापेक्षा जास्त. बी फिरतं राहिलं तरच वाढतं.

साठा विरुद्ध बाग हा माझा सुरुवातीचा वाद मी इथे सोडते. बियाण्यासाठी बाग लागणारच, मग ती छोटी का असेना.

निरंतर

शहरात बाग करणाऱ्यांना एक सूचना. रस्त्यालगतच्या, जुन्या कारखान्याच्या किंवा पाडलेल्या इमारतीच्या जागेत मातीत शिसं असू शकतं. लावण्याआधी तपासणी करा. शंका असेल तर उंच वाफे बांधून बाहेरची चांगली माती भरा. पालेभाज्या आणि कंदमुळांत धोका जास्त, फळभाज्यांत कमी. लहान मुलं मातीत खेळणार असतील तर हे आणखी गंभीरपणे घ्या.

साळुंकी

बांधावरून, मनापासून आभार. एकच शंका राहिली. धान्य उधार दिलं आणि त्या घराचं पीकच बुडालं, किंवा मजुरीच मिळाली नाही, तर परतीचा नियम कसा लावायचा? सगळ्यांना सारखा नियम म्हटलं तर अन्याय होतो, आणि माफ केलं तर उद्या दुसराही मागेल.

ओंजळ

साळुंकी, आमच्या बैठकीत यावर बराच खल झाला आणि शेवटी असं ठरलं. परतफेड सवाईनं नाही. दहाला अकरा, म्हणजे घट, उंदीर, किडीचा खर्च निघेल एवढंच वरकड. पीक बुडालं तर परतीचा एक हंगाम पुढे ढकलायचा, हा त्या घराचा हक्क म्हणून नियमातच लिहिलेला, विनवणी करायला लागू नये. दुसऱ्या हंगामातही जमलं नाही तर तेवढं काम साठ्यासाठी करायचं. पूर्ण माफी द्यायची असेल तर ती फक्त भर बैठकीत, सगळ्यांसमोर, वहीत कारणासकट. खोलीला दोन कुलपं, किल्ल्या दोन वेगळ्या घरांत, त्यातलं एक घर नेहमी उधारी घेणाऱ्यांपैकी.

तिठा यांच्या सूचनेप्रमाणे बाहेरच्यांसाठीचा हिस्सा आम्ही सध्या दहावा धरलाय. तो पुरेल का, हे टंचाईच्या महिन्यांत कळेल. नोंदवहीचे रकाने कसे पाडलेत ते हवं असेल तर सांगा, पुढच्या प्रतिसादात लिहिते.

तिठा

हो, नक्की लिहा. आणि 'कामाचा वाटा' कोणत्या मापात मोजता तेही. तासांत की पोत्यांत?